कापराचा वास

डबा उघडताना नेलिदा म्हणाली, मागे सर.
आधी नाक, मग डोळे.
गोडसर, जरा कुजका वास,
आणि त्याच्या तळाशी कापूर.
सेल्युलॉइडमध्ये तो मुरवलेला असतो,
वर्षानुवर्षं गुपचूप उडत राहतो.
तो जितका उडतो तितकी फीत आक्रसते,
काठाची भोकं चक्राच्या दातांत बसेनाशी होतात.
पेटलीच, तर पाण्यात बुडवूनही विझत नाही.
म्हणून हिवाळ्यात आमच्याकडे हीटर नाही,
दोन-दोन स्वेटर आहेत.
मी बोटांवर फुंकर घातली की नेलिदा ओरडते,
दमट! दमट!

हा डबा सापडला पायसान्दूला, नदीकाठी,
बंद पडलेल्या कंगव्यांच्या कारखान्यात,
खिळ्यांच्या पोत्याखाली.
कंगव्यांच्याच कारखान्यात का, ते मला उमगलं नव्हतं.
बोलपट आले, नेलिदा म्हणाली,
मग मुके किलोवर विकले गेले.
वितळवून त्यांचे कंगवे झाले, बटणं झाली,
चष्म्याच्या काड्या झाल्या.
कुण्या नायिकेचा अख्खा शेवटचा अंक
कुणाच्या तरी केसांतून फिरत राहिला
उवा काढत.

सात महिन्यांनी हाती लागली नऊ मिनिटं.
बाकीच्यांचं काय झालं ते वर आलंच आहे.
नाव नाही, साल नाही,
कुणी काढला, कुणासाठी, काही नाही.
एक धक्का. वारा. पांढरी टोपी धरून उभी एक बाई,
तिचा हात हातात घेतलेला एक मिशीवाला.
मध्येच एक कुत्रं येतं, बहुधा कुणाचंच नाही,
कॅमेऱ्याकडे बघतं.
मग काळी पाटी:
"नदी उलटी वाहू लागली तरी मी वाट पाहीन."
हे वाचून मी रडले होते. सांगायला लाज कसली?

मग वेन्सेस्लाओला बोलावलं.
जन्मापासून बहिरा,
चाळीस वर्षं छापखान्यात खिळे जुळवले,
ओठ वाचतो तेही उलट्या खिळ्यांसारखे, भराभर.
सोबत भाची, त्याच्या हातांचं आम्हाला सांगायला.
पडद्यासमोर बसला आणि पहिलं हेच विचारलं:
मुका का म्हणता?
सगळे तर बोलतायत.

पाटीवर नदी उलटी वाहत होती तेव्हा
बाईच्या ओठांवर होतं:
उरक लवकर, बूट चावतोय.
आणि मिशीवाला, डोळ्यांत ग्लिसरीन घेऊन:
शेवटची बोट चुकली तर तुझ्या आईला
तूच सांग.
वेन्सेस्लाओ हसला. त्याच्या हसण्याला आवाज असतो,
दार ओढल्यासारखा.
नेलिदा हसली नाही. म्हणाली, पुन्हा लाव.

पुन्हा लावलं. अकरा वेळा लावलं.
अकराव्या वेळी त्यानं हात वर केला.
इथे, मिशीवाला बाजूला बघून
कुणाला तरी हाक मारतो.
एल्बिरा. किंवा एल्मिरा.
ब आणि म, ओठांवर दोन्ही सारखेच,
दोन्हींना ओठ मिटतात.

आम्ही तिघी एकदम बोलू लागलो.
नाव मिळालं! शंभर वर्षांनी नाव!
चर्चच्या नोंदी बघू, कबरी बघू,
बोटीच्या प्रवाशांच्या याद्या कुठे असतील?
वेन्सेस्लाओ आमच्या तोंडांकडे बघत राहिला,
एकाच वेळी तीन तोंडं त्यालाही वाचता येईनात.
शेवटी त्यानं टेबलावर टकटक केलं
आणि पुढच्या चौकटीकडे बोट दाखवलं.

हाक गेल्यावर
बाई तशीच, टोपी धरून.
मान वळवली
ती कुत्र्यानं.

संध्याकाळी डबा थंड खोलीत ठेवला.
नेलिदानं कार्ड भरलं,
लांबी, रुंदी, आक्रस किती टक्के,
मग दोन्ही नावं, पुढे प्रश्नचिन्ह.
नाव कुणाचं, त्या रकान्यात
पेन टेकवून बराच वेळ बसली.
तिच्या हाताला कापराचा वास येत होता.